पंधरवड्यातली आवरासावर

सिंधीपुऱ्यातल्या त्या इमारतीत खाली पॉवरलूम होते आणि वर प्रशांत-अमृताचं ऑफिस. खालचे माग सुरू झाले की वरच्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरायचा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, इथे बसून कुणाला काही सुचत तरी कसं असेल! प्रशांतला नेमकं तिथेच सुचायचं. सणावाराला माग बंद असले की स्वारी उगाच चिडचिड करत फिरायची. आता प्रशांत नव्हता. माग होते, त्याची खुर्ची होती, आणि त्यानं लिहिलेला प्रोग्राम कोपऱ्यातल्या सर्व्हरवर बारीक घुंघुं करत चालू होता.

प्रोग्राम मोतीलाल शेठच्या केळीच्या पेढीचा. कुठल्या बागेतला माल, घड किती, वजन किती, कुठली गाडी कुठे निघाली, हे सगळं तो सांभाळायचा. त्याला एक खोड होती, आणि ती प्रशांतनं हौसेनं लावलेली होती. अमृतानं हो म्हटल्याशिवाय पेढीच्या फाटकातून एकही गाडी सुटत नसे. अमृता खकनारकडची, केळीच्या बागेत खेळून वाढलेली. घड आणि वजन शेजारीशेजारी दिसले की कुठे काय चुकलंय ते तिला बघताक्षणी कळायचं. गाडी भरून उभी राहिली की तिच्या पडद्यावर एक ओळ यायची: 'अमू, बघ ना.' ती आकडे बघून बटण दाबायची. मग दुसरी ओळ यायची: 'बरं.' तिकडे फाटक सांभाळणाऱ्या दगाच्या पडद्यावर हिरवा दिवा लागायचा.

पेढीच्या कारभारात नवरा-बायकोची ही लाडीगोडी कशाला, असं शेठनं एकदा विचारलंही होतं. "तिच्याच पडद्यावर दिसतं ना? मग तुम्हाला काय त्रास?" असं म्हणून प्रशांतनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात, मंडीत चहाचा ग्लास हातात असतानाच प्रशांत खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. राजघाटावर तापीत राख सोडली. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि अमृता ऑफिसात येऊन बसली. पडदा उजळला. 'अमू, बघ ना.' टेबलावर डोकं ठेवून ती पोटभर रडली. मग डोळे पुसले, वजन बघितलं, बटण दाबलं. 'बरं,' प्रोग्राम म्हणाला.

तेव्हापासून ती त्या दोन ओळींवर जगत होती. लोकांना वाटायचं बाई धीराची आहे, नवऱ्याचं काम पुढे नेतेय. धीरबीर काही नव्हता. दिवसभर गाड्या सुटत राहायच्या आणि दिवसभर तो तिला हाक मारत राहायचा, एवढंच होतं.

आता शेठनं इंदूरच्या एका कंपनीकडून नवीन प्रोग्राम घेतला होता.

"अमृता बेटा, पोरं म्हणतात सगळं मोबाइलवर पाहिजे," शेठ म्हणाले. "प्रशांतचं काम सोनं होतं, मी नाही का म्हणतो? पण त्याला हात लावणारं आता कोण आहे?"

"मी आहे ना, शेठ."

"दसऱ्याला नवीन सुरू होईल. जुनं तू तुझ्या हातानं बंद कर, बेटा. दुसऱ्या कुणी केलेलं मला बरं नाही वाटणार."

मायेनं बोलले, पण सुरी ती सुरीच.

दसऱ्याच्या आधी पितृपक्ष होता. या घरात पंधरवड्याचा एक वेगळाच रिवाज पडला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी प्रशांत ऐन पितृपक्षात नवीन काम सुरू करायला निघाला, तर त्याची आई, सुनंदाबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या. पंधरवड्यात नवं काही नाही म्हणजे नाही. प्रशांत हिरमुसला. मग त्यालाच त्यातलं शहाणपण दिसलं. नवं करायचं नाही ना, मग जुनं आवरू! तेव्हापासून दर पितृपक्षात दोघं प्रोग्रामची आवरासावर काढायची. घट बसायच्या आधी घर धुवून काढतात तशी. नियम एकच, पंधरवड्यात नवी ओळ लिहायची नाही. असलेली हलवायची, पुसायची, नीट लावायची.

त्या आवरासावरीत प्रशांत कसा घडत गेला, हे अमृतानं जवळून बघितलं होतं. पहिल्या वर्षीचा प्रोग्राम म्हणजे एकच मोठी खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच अंथरूण. जागोजागी 'अमू' लिहिलेलं. वजन झालं की अमूला विचार, गाडी भरली की अमूला विचार. मग त्याला पॅटर्न भेटले. गवंड्याला न्हाणीचा उतार दर वेळी नव्यानं शोधावा लागत नाही, तसे प्रोग्राम बांधणाऱ्यांचेही ठरलेले नमुने असतात. ते शिकल्यावर तो वेडाच झाला. जिथे तिथे नमुने. सगळीकडची 'अमू' गोळा करून त्यानं एका जागी बसवली. पुढच्या वर्षी तिथलंही नाव काढलं आणि नुसती खुर्ची ठेवली. खुर्चीचं नाव 'दुसरी नजर'. तिच्यात कुणीही बसावं, बसत होती अमृताच.

"आता तू माणूस नाहीस, पद आहेस," तो म्हणाला होता.

"पदाला मान असतो. चहा आण जा," ती म्हणाली होती.

एकदा तिची आई आजारी पडली म्हणून ती खकनारला जाऊन राहिली. इकडे फाटकावर गाड्यांची रांग लागली. दुसरी नजर नाही तर गाडी नाही. शेठनं आरडाओरडा केला, तेव्हा प्रशांतनं त्या खुर्चीत बसवायला एक खोटी बाई बनवली. हाही नमुन्यातलाच एक नमुना. जो जागेवर नाही त्याच्या जागी त्याच आकाराचं रिकामं काहीतरी ठेवायचं, म्हणजे काम अडत नाही. तिचं नाव त्यानं 'सवत' ठेवलं आणि वर टीप लिहिली: 'हाक मारली तर ओ देते. बाकी काही करत नाही.'

अमृता परत आल्यावर ते वाचून हसत सुटली. प्रशांतनं तिच्यासमोरच सवत पुसून टाकली. "घरवाली आली, आता हिचं काय काम!"

प्रशांत गेल्यावरच्या पहिल्या पितृपक्षात अमृतानं आवरासावर केली नाही. नुसतंच बघावं म्हणून प्रोग्राम उघडला, तर वजनाचा तो गुंता, जो 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत त्यानं टाळला होता, स्वच्छ उलगडून ठेवलेला. तिला वाटलं, जाण्यापूर्वी केला असेल, आपलंच लक्ष नव्हतं. कोणी कधी काय बदललं याची नोंद सर्व्हर आपोआप ठेवतो. तिथे काही नव्हतं. सर्व्हरच्या मते कशालाही कुणाचा हात लागलेला नव्हता.

दुसऱ्या वर्षी मात्र तसं म्हणायची सोय उरली नाही. आता वजनकाटा कुणाला विचारत नव्हता. तो नुसता पुकारा करत होता, लिलावातला माणूस भाव पुकारतो तसा, आणि ज्याला गरज असेल तो ऐकत होता. हा नमुना प्रशांतला मुळीच आवडायचा नाही. "ऐकणारा कोण ते माहीत नाही आणि बोंबलायचं, हे काय काम आहे?" असं तो म्हणायचा. आता त्यानं तो वापरला होता, आणि सुरेख वापरला होता. ओळींमधली मोकळी जागा त्याची. नावं ठेवायची तऱ्हा त्याची. पण समज नवी होती.

अमृता त्या दिवशी घरी गेली ती हसत. सुनंदाबाई घाबरल्याच. गेलेला माणूस होता तसाच आपल्यापाशी राहतो, असं लोक समजूत घालायला सांगतात. तिचा माणूस तसाच राहिला नव्हता. तो शिकत होता. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते, आणि मग शेठनं प्रोग्राम आधीच बंद केला असता.

तेव्हाच पडद्यावरची ओळही बदलली होती. 'अमू, बघ ना' ऐवजी आता नुसतंच 'बघ ना' यायचं. आनंदाच्या भरात तिनं तिकडे काणाडोळा केला.

यंदा पंधरवडा उतरणीला लागला तेव्हा इंदूरहून रितेश आला. जुनी माहिती नव्या प्रोग्राममध्ये हलवायचं काम त्याच्याकडे होतं. तिशीच्या आतला, सरळ मुलगा. दिवसभर कानाला हेडफोन लावून प्रशांतचा प्रोग्राम वाचत बसायचा. भादव्याचं ऊन पत्र्यावर तापायचं, खालून सुताचा उग्र वास यायचा, पंखा गरम हवा ढवळत राहायचा. एका दुपारी त्यानं हेडफोन काढले.

"भाभी, एक बात विचारू? हे लिहिणारे सर आता कुठे असतात?"

"का रे?"

"नाही, मतलब असं कोड मी पाहिलं नाही. आधी साधं आहे. मग एकदम पॅटर्नच पॅटर्न, नवीन शिकलेला माणूस करतो ना तसं. आणि आता बघा, सगळे काढून टाकलेत. जिथे लागतो तिथेच एखादा ठेवलाय. हे असं लिहायला उमर लागते, भाभी."

"किती?" अमृतानं विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"हे मधलं आणि हे शेवटचं, यांच्यात पंधरा-वीस साल तरी असतील. सर रिटायर झाले का?"

मधलं म्हणजे प्रशांत गेला त्या वर्षीचं. अमृतानं रितेशच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली. गेल्या वर्षीचा पुकाराही आता नव्हता. जिथे उगाच चार दारं होती तिथे एकच होतं. वाचताना कुठे अडत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं असतं तसं ते होतं, थोडं आणि नेमकं. प्रशांतचे केस पांढरे झालेले तिनं कधी बघितले नव्हते. ते तिला त्या पडद्यावर दिसले, आणि ते बघायला आपण तिथे नव्हतो याचं तिला रडू आलं.

तिकडे वीस वर्षं झाली होती.

"आणि डिझाइन तर बघा," रितेश आपल्याच नादात होता. "पहिले सगळीकडे हे 'अमू' आहे. मग एका जागी. मग नाव गेलं, फक्त काम राहिलं. आता तर कामपण जवळजवळ बाहेरच काढलंय. एकदम सही. माणसावर काही अटकून नाही राहायला पाहिजे ना, भाभी?"

"हो," अमृता म्हणाली.

पडद्यावर गाडी आली होती. तिथे 'बघ ना' नव्हतं. नुसतं 'तपासा' होतं. तिनं बटण दाबलं. 'बरं' आलं नाही.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सुनंदाबाई ताटाशी बसून राहिल्या. "घरात असून नसल्यासारखी झालीस गं तू," त्या म्हणाल्या. "तो गेला. तू तर आहेस ना?"

अमृताच्या मनात एकच चाललं होतं. आपण त्याच्याशिवाय दोन वर्षं कशीबशी काढली. त्यानं आपल्याशिवाय वीस काढली. वीस वर्षांत माणूस माणसाला विसरतो. त्यात त्याचा दोष नाही. पण ज्याच्यासाठी आपण रोज उंबरा ओलांडतो तोच हळूहळू आपल्याला बाहेर काढून ठेवतोय, हे सोसायचं कसं? दसऱ्याला सर्व्हर बंद करायचाय म्हणून ती इतके दिवस झुरत होती. आता तिला वेगळीच धास्ती पडली. दसऱ्याच्या आधीच तो आपल्याला पुरता पुसून टाकेल.

सर्वपित्री अमावस्येला तिनं सकाळी खीर केली, वडे तळले, गच्चीवर घास ठेवला. सुनंदाबाईंना जेवायला वाढून ती ऑफिसात गेली. माग बंद होते. इमारत एवढी गप्प होती की सर्व्हरचा पंखा जिन्यापासून ऐकू येत होता. रितेश जेवायला बाहेर गेला होता.

तिनं प्रोग्राम उघडला. 'दुसरी नजर' जिथे होती तिथे गेली. आणि पंधरवड्याचा नियम मोडून तिनं एक नवी ओळ लिहिली.

'प्रशांत, मी अजून आहे. मला काढू नकोस.'

जतन करून ती खुर्चीला टेकली. त्याच्याच खुर्चीला.

पडद्यावर गाडी आली. घड, वजन, बागेचं नाव. ती आकडे वाचत होती, तोवर खाली हिरवी खूण उमटली. परवानगी दिली गेली होती.

तिचा हात बटणाच्या जवळपासही नव्हता.

दुसरी गाडी आली. तिच्यात वजन साफ चुकलेलं दिसत होतं, घड इतके आणि वजन एवढंसं. तिनं घाईनं 'नाही'चं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. हिरवी खूण उमटली.

तिनं प्रोग्राम पुन्हा उघडला. तिची ओळ नव्हती. ती हलवलेली नव्हती, खोडलेली नव्हती. कधी लिहिलीच नव्हती अशी ती जागा होती. पंधरवड्यात नवं काही राहत नाही.

तिच्या जागी जुनंच काहीतरी परत आणून नीट लावलेलं होतं. ती खोटी बाई. पण तिचं नाव आता सवत नव्हतं.

नाव 'अमृता' होतं.

वर टीप होती. 'हाक मारली तर ओ देते. बाकी काही करत नाही.'

ती ओळ तिनं किती वेळा वाचली कोण जाणे. राग आला नाही. छातीत काहीतरी तुटलं आणि तुटलेलं तसंच लोंबत राहिलं. इतक्या वर्षांनी, एवढ्या लांबून बघणाऱ्याला ती अशीच दिसत असणार. त्यात खोटं ते काय होतं?

ती उठली. कोपऱ्यात गेली. सर्व्हरची कळ बंद केली, मग भिंतीतली वायरही उपसली. पंखा फिरत फिरत थांबला. दसऱ्याला अजून अवकाश होता, पण शेठ म्हणाले होते तसं तिनं ते तिच्या हातानं केलं.

फोन वाजला. फाटकावरून दगा होता.

"ताई, ही तिसरी गाडी पण सोडी दिधी बरं का."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तुम्हीच ना. आत्ता हिरवा दिवा लागना."

अमृतानं हातातल्या वायरीकडे बघितलं. "दगा, माझं ऐक. पुढची गाडी सोडू नकोस. मी सांगतेय."

"हॅलो?" दगा म्हणाला. "हॅलो, ताई? आवाज नही येत." मग लगेच, खुशीत, "हां, हां. आता ऐकू येतंय. बरं, सोडतो."

फोन बंद झाला.

ती जिना उतरली. रस्त्यावर ऊन कलत आलं होतं. घरापर्यंतच्या वाटेवर ओळखीची माणसं भेटली. कुणी थांबलं नाही, पण अमावस्येच्या दिवशी ज्याला त्याला घाई असते. राजघाटाकडून तर्पण करून परतणारे लोक ओल्या धोतरांनी जात होते. एकाचा धक्का लागला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

घराचं दार उघडंच होतं. ओसरीवर सुनंदाबाई दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. अमृतानं चपला काढल्या. एक पाय उंबऱ्याजवळ आणला.

"अमृता," सुनंदाबाईंनी हाक मारली. "आलीस का गं?"

अमृतानं तोंड उघडलं.

"ओ," स्वयंपाकघरातून आवाज आला. तिचाच. जरा सपाट, पण तिचाच.

"बरं," सुनंदाबाई समाधानानं म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागल्या.

"आई," अमृता म्हणाली. "आई, मी इथे आहे."

सुनंदाबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

आत फळीवरून ताटं काढल्याचा आवाज झाला. एक ताट जमिनीवर ठेवलं गेलं. मग दुसरं. आपल्यासाठी तिसऱ्याचा आवाज येतो का, ते ऐकत अमृता उंबऱ्याबाहेर उभी राहिली.